अंतर्गत समिती की स्थानिक समिती?

जळगावच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी आणि नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठ खुडणारी, दोघींना कायदा एकच: 2013 चा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा. दार मात्र वेगळं.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की मालकाने तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या बायका, एक सदस्य बाहेरचा. समिती जवळ असते ही सोय. चौकशी चालू असताना बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. पण बाकीचे सदस्य शेवटी त्याच मालकाच्या पगारावर, हे विसरू नका. मी तरी आधी बाहेरचा सदस्य कोण ते विचारीन.

पथारीवरची गोष्ट निराळी. तोंडाला फडकं, डोळ्यांत चुरचुर, हजेरी मुकादमाच्या वहीत. त्यानेच हात धरला तर "कोनले सांगू माय?" माणसं दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. जिल्ह्याला खेपा घालायची गरज नाही. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या तक्रारी घ्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तक्रार द्या, त्याने ती 7 दिवसांत पुढे पाठवायची असते. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं काम आहे.

मुदत दोन्हीकडे सारखीच: 3 महिन्यांत तक्रार, सबळ कारण असल्यास आणखी 3, चौकशी 90 दिवसांत. समेट बाईने मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं चालत नाही.