ग्रामीण रुग्णालयातील लिंक एआरटी केंद्र : चार वर्षांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयाच्या लिंक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे (एआरटी) मिळतात तिथे, मी एचआयव्हीबाधित धाकट्या भावासोबत चार वर्षांपासून जात आहे आणि त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे. औषधांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. शासनाने १ एप्रिल २००४ पासून ती मोफत द्यायला सुरुवात केली आणि भावाला मिळणारी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची रोजची एकच गोळी आधीच्या केंद्रातही हीच होती. तरीही तिथे त्याचे औषध सुटले.

कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडू नये म्हणून त्याची तारीख चुकली, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांसमोर ‘मरायचे आहे का?’ असे त्याला विचारण्यात आले. त्यानंतर पाच महिने तो कोणत्याही दवाखान्याची पायरी चढला नाही आणि पुढे क्षयरोगही निघाला.

इथल्या समुपदेशक मॅडमनी औषध का सोडले हे सर्वांत शेवटी विचारले. त्याआधी शेत कोरडवाहू आहे की ओलिताचे, घरात कोणाला माहीत आहे, रात्री जेवायला किती वाजतात, हे विचारून गोळीची वेळ जेवणानंतरची ठरवून दिली. बाटली खुळखुळते म्हणून तो ती कामावर नेत नसे. त्यावर गोळ्यांवर कापसाचा बोळा ठेवण्याचा साधा उपायही त्यांनीच सुचवला. प्रकृती स्थिरावल्यावर वेचणीआधी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू लागल्या. एकदा तारीख उलटून दोन दिवस झाले, तर मॅडमचा फोन आला, ‘भाऊ, एसटी चुकली का?’ दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून गेला.

आता तपासणीत विषाणू आढळत नाहीत. औषध नियमित घेऊन ही स्थिती टिकवली तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे मॅडमनी भावजयीला समोर बसवून सांगितले. ती रुग्णालयाच्या ओट्यावर बराच वेळ रडली. घरी आल्यावर आईने इतकी वर्षे वेगळे ठेवलेले भावाचे ताट तिने सगळ्यांच्या ताटांत मिसळून टाकले.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. केंद्राचे दार बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेसमोरच उघडते, त्यामुळे गावातल्या ओळखीच्या नजरा चुकवणे अशक्य होते. रुग्णाची ओळख गोपनीय ठेवण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने घातले आहे. मॅडम आवाज खाली ठेवतात, नाव पुकारत नाहीत, पण दाराची जागा बदलणे त्यांच्या हातात नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी विश्वासातल्या एका माणसाला सोबत न्यावे आणि घाईने परतायची एसटी ठरवू नये, कारण मॅडम पहिल्या भेटीला तासभर देतात. जाण्याआधीच मनात शंका असतील तर १०९७ या मोफत क्रमांकावर बोलता येते.