मंडोलाची सकाळ कुठे गेली?

दारूच्या दुकानासमोर एक लांबलचक लिमोझिन येऊन उभी राहते. आज ड्राय डे आहे, दारू मिळणार नाही, असे दुकानदार ऐकवतो आणि थोड्याच वेळात तीच गाडी त्याच्या दुकानात घुसते. ११ जानेवारी २०१३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मटरू की बिजली का मंडोला’ या विशाल भारद्वाज यांच्या चित्रपटाची ही सुरुवात आजही टवटवीत वाटते. पैसा, माज आणि तहान या तिन्ही गोष्टी एवढ्या थोडक्यात आणि काहीही समजावून न सांगता मांडणारे प्रसंग हिंदी चित्रपटात फार सापडत नाहीत, आणि म्हणूनच त्यापुढच्या दोन तासांबद्दलची तक्रार मोठी आहे. हा चित्रपट नुकताच पुन्हा पाहायला बसलो, तेव्हा पहिल्या वेळी आपण त्याच्यावर अन्याय केला असावा, अशी आशा मनात होती. तसे काही निघाले नाही; निराशेचे कारण मात्र या वेळी अधिक नेमके कळले.

भारद्वाज यांना विनोद जमत नाही, असे म्हणून हा विषय संपवता येत नाही. ‘मकबूल’मध्ये (२००३) शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या जागी त्यांनी कुंडल्या मांडणारे दोन पोलीस उभे केले होते. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांची ती जोडी पाहताना हसू येते आणि त्याच वेळी पोटात गोळाही येतो. ‘ओंकारा’ (२००६) आणि ‘कमीने’ (२००९) या दोन्ही चित्रपटांतला विनोद माणसांच्या वाकडेपणातून आपोआप उगवतो. इतके भान असलेला दिग्दर्शक जमीन, भांडवल आणि राजकारण यांच्यावर थेट उपरोधिका करायला निघतो, तेव्हा अपेक्षा वाढणे साहजिकच आहे.

कथेचा सांगाडा साधा आहे. हरियाणातल्या मंडोला नावाच्या गावात हॅरी मंडोला (पंकज कपूर) हा धनाढ्य जमीनदार राहतो. शुद्धीत असताना तो गावकऱ्यांच्या जमिनी लाटून तिथे कारखाने आणि मॉल उभारण्याची स्वप्ने पाहतो. प्यायला की त्याच गावकऱ्यांच्या गळ्यात गळे घालतो. त्याच्या पिण्यावर लक्ष ठेवणे हे ज्याचे काम, तो मटरू (इम्रान खान) मंडोलाचा ड्रायव्हर आहे आणि गावकऱ्यांना गुपचूप सल्ला देणारा ‘माओ’ही तोच आहे. मंडोलाची मुलगी बिजली (अनुष्का शर्मा) हिचे लग्न चौधरी देवी या राजकारणी बाईच्या (शबाना आझमी) मुलाशी, बादलशी, ठरले आहे, कारण जमिनीचा व्यवहार आणि सोयरीक या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरकायच्या आहेत. सत्ता आणि मालमत्ता यांचे लग्न लावायचे तर खरोखरचेच लग्न लावावे, ही कल्पना सरळ असली तरी नामी आहे.

नशेत उदार आणि शुद्धीत निष्ठुर असा श्रीमंत माणूस चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’मध्ये १९३१ सालीच भेटला होता. रात्री भटक्याला मिठी मारणारा तो कोट्यधीश सकाळी त्याला ओळखही देत नाही. जर्मन नाटककार ब्रेख्तने फिनलंडमध्ये आश्रयाला असताना, १९४० मध्ये, हेला वुओलियोकी या लेखिकेच्या साहाय्याने लिहिलेले पुंटिला आणि त्याचा नोकर मॅट्टी यांचे नाटक तर याच गोष्टीवर उभे आहे. जमीनदार, त्याचा शहाणा ड्रायव्हर, जमीनदाराची मुलगी, तिच्यासाठी ठरवलेला प्रतिष्ठित आणि पोकळ नवरा, अशी सगळी पात्रे तिथून मंडोला गावात आलेली स्पष्ट दिसतात. यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. ब्रेख्तला आपल्या मातीत रुजवण्याची परंपरा मराठी प्रेक्षकाला चांगली ठाऊक आहे; चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ किंवा पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलेल्या कोणालाही उसन्या कथेचे वावडे असण्याचे कारण नाही. मूळ घेतल्यावर त्यातले काय ठेवले आणि काय गाळले, एवढेच पाहायचे असते.

चित्रपटाचे सगळे गणित इथेच फसले आहे. नशेतला पुंटिला लोभस असतो, आणि ब्रेख्तने लावलेला सापळाही हाच आहे. प्रेक्षक त्या लोभसपणावर भाळतो, धनी मुळात चांगलाच आहे, त्याला फक्त नीट प्यायला द्यायला हवे, असे त्याला वाटू लागते, आणि नाटक त्याच्या या भाबडेपणाकडे बोट दाखवते. मॅट्टी मात्र भाळत नाही. रात्रीच्या मैत्रीची किंमत सकाळी कोणाला चुकवावी लागते हे त्याला ठाऊक असते, म्हणून शेवटी तो धन्याला सोडून निघून जातो. मुलीवर जीव असूनही तो तिची कठोर परीक्षा घेतो, कष्टकऱ्याच्या घरात तिचा निभाव लागेल का हे तपासतो, आणि तो लागणार नाही हे दोघांनाही कळते. भारद्वाज आणि त्यांचे सहलेखक अभिषेक चौबे यांनी धन्याचा लोभसपणा पुरेपूर उचलला आणि ड्रायव्हरचा संशय वाटेत सोडून दिला. लग्नाच्या गडबडीत मंडोलाचे मन पालटते, ठरलेली सोयरीक मोडते, गाव वाचते, प्रेमी एकत्र येतात आणि सगळे नाचतात. उद्या सकाळी मंडोला कोणत्या मनःस्थितीत उठेल, हा प्रश्न ज्या कथेचा कणा आहे, तो विचारायलाच कोणी शिल्लक राहत नाही. जमिनीचा प्रश्न जमीनदाराच्या मनःपरिवर्तनाने सुटत असेल, तर अडीच तास आपण कोणाला हसत होतो?

इथे ‘सामना’ची आठवण येणे अपरिहार्य आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटातही एक दारुडा आहे आणि एक गावचा सर्वसत्ताधीश आहे. श्रीराम लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील ही ती दोन वेगळी माणसे. मास्तराचे पिणे त्याला गोड बनवत नाही. तो चिवट आणि त्रासदायक होतो, आणि मारुती कांबळेबद्दलचा त्याचा एकच प्रश्न हिंदुरावाच्या संपूर्ण साम्राज्याला टोचत राहतो. मंडोलामध्ये मास्तर आणि हिंदुराव एकाच देहात कोंबले आहेत, आणि ही शक्यता केवढी जबरदस्त होती! एका प्रसंगात ती प्रत्यक्षात येतेही. नशेतला मंडोला गावकऱ्यांना चेतवतो, जमीनदाराविरुद्ध उठाव करायला सांगतो आणि मोर्चा घेऊन स्वतःच्याच हवेलीवर चालून जातो. पंकज कपूर यांचा त्वेष इतका खरा आहे की क्षणभर वाटते, आता हा माणूस खरोखर स्वतःला पदच्युत करणार. पण हशा वसूल झाला की चित्रपट पुढच्या गमतीकडे वळतो, आणि त्या मोर्चातल्या गावकऱ्यांचे नंतर काय झाले, याची चौकशी करणारा मास्तर इथे नाही.

विषयाची वेळ पाहता हे अधिकच खटकते. विशेष आर्थिक क्षेत्रांचा, म्हणजे सेझचा, कायदा २००५ मध्ये झाला. १४ मार्च २००७ रोजी पश्चिम बंगालमधल्या नंदीग्राममध्ये, सेझसाठीच्या भूसंपादनाला विरोध होत असताना, पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसे मरण पावली. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतले शेतकरी महामुंबई सेझच्या विरोधात उभे राहिले आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांमध्ये लोकांचा कौल घेण्यात आला. चित्रपट आला तेव्हा १८९४ सालचा भूसंपादन कायदा अजून लागू होता. नवा कायदा त्याच वर्षी पुढे संमत झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. म्हणजे उपरोधाला लागणारी सगळी सामग्री रोजच्या वर्तमानपत्रात छापून येत होती. नोटिसा, हरकती, सुनावण्या, मोबदल्याचे दर, सातबाऱ्यावरच्या नोंदी या गोष्टी ज्याने जवळून पाहिल्या आहेत, त्याला ठाऊक असते की त्यांच्यात स्वतःचाच एक भीषण विनोद असतो. चित्रपटाने या यंत्रणेच्या आत डोकावण्याचे कष्ट फारसे घेतलेले नाहीत. जमीन कशी जाते, कागदावर काय होते, कोण सही करते, कोण फुटते, हे सगळे धूसर राहते आणि सेझ हा एक शब्द तेवढा पात्रांच्या तोंडी खेळत राहतो. उपरोध तपशिलावर जगतो. तपशील विरळ झाला की उरते ती नक्कल.

‘माओ’ची कल्पनाही अशीच अर्धी सुटली आहे. ज्या वर्षांत देशाच्या मध्य भागात माओवादी आणि सुरक्षा दले यांच्यात रक्त सांडत होते, त्या वर्षांत एका विनोदी चित्रपटाच्या नायकाने ते नाव धारण करावे, यात धाडस होते. क्रांतीची भाषा शिकून आलेला तरुण आपल्याच गावात मुखवट्यामागून का बोलतो, गावकरी त्याच्या निरोपांवर श्रद्धेने का विसंबतात, धन्याच्या पगारावर राहून धन्याविरुद्ध लढणाऱ्या माणसाची स्वतःशी काय बोलणी होत असतील, असे कितीतरी धागे हाताशी होते. त्यांतला एकही शेवटपर्यंत ओढलेला नाही. मुखवटा गळून पडला की माओ संपतो आणि बिजलीवर प्रेम करणारा एक देखणा मुलगा उरतो. इम्रान खान यांनी दाढी वाढवली आहे, बोली आत्मसात करण्याची मेहनतही घेतली आहे, पण चेहऱ्यावरचा शहरी संकोच जात नाही. अनुष्का शर्मा यांच्यात ऊर्जा भरपूर आहे; ती कशासाठी वापरायची, हे पटकथेने ठरवलेले नाही.

पंकज कपूर यांच्याबद्दल मात्र जेवढे लिहावे तेवढे थोडे. कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारो’मध्ये (१९८३) त्यांनी तरनेजा हा बिल्डर रंगवला होता. बरोबर ३० वर्षांनी ते पुन्हा जमिनीच्या हव्यासाने पछाडलेल्या माणसाच्या भूमिकेत येतात, आणि दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की नव्यातले उणेपण आपोआप दिसते. तरनेजाचे मन कधी पालटत नाही. पूल कोसळतो, माणसे मरतात, गुन्हेगार हातमिळवणी करतात आणि शिक्षा भोगून बाहेर पडतात ते दोन भाबडे छायाचित्रकार. त्या चित्रपटात हसून झाल्यावर तोंड कडू होते. मंडोलाला लेखकांनी एवढे प्रेम दिले आहे की त्याच्याबद्दल कडवटपणा वाटण्याची सोयच राहत नाही. तरीही कपूर यांचा अभिनय लेखनाच्या पुढे जातो. नशा चढताना त्यांची मान ज्या प्रकारे सैल पडते, जीभ जड होण्याआधी डोळे कसे ओले होतात, आणि शुद्धीवर आल्यावर तोच चेहरा दगडासारखा कसा होतो, हे पाहण्यासारखे आहे. शेतांकडे पाहत कारखान्यांचे स्वप्न रंगवणारे त्यांचे लांबलचक स्वगत हा चित्रपटाचा दुसरा उंच क्षण, कारण तिथे लोभ कवितेच्या भाषेत बोलतो आणि ती कविता खरोखर मोहवते. शबाना आझमी यांची चौधरी देवीही मजेदार आहे. स्वतःची भरभराट आणि देशाची प्रगती या दोन गोष्टी त्या इतक्या सहजपणे एक करून टाकतात की त्यांच्यावर वेगळा चित्रपट निघावा.

मग मध्येच बादल आपल्या होणाऱ्या बायकोसाठी भेट म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू जमातीची माणसे घेऊन येतो. हे श्रीमंतीच्या निर्बुद्धपणावरचे भाष्य असावे, असा चित्रपटाचा बचाव करता येईल, परंतु कॅमेरा त्या माणसांकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर बादलपेक्षा वेगळी नाही. या प्रसंगांना हसायचे कसे, हे मला दोन्ही वेळा कळले नाही. विमान, मुखवटे, नाच, धावपळ यांची अशीच भरती होत राहते आणि उत्तरार्धात चित्रपट आपल्याच गोंगाटाखाली दबतो. संगीत भारद्वाज यांचे आणि शब्द गुलजारांचे असल्याने गाणी ऐकायला चांगली आहेत, इतकेच.

राहता राहिली गुलाबी म्हैस. मंडोला ‘गुलाबो’ नावाची देशी दारू पितो, तिच्या बाटलीवर म्हशीचे चित्र असते, आणि दारू सोडल्यावर ती म्हैस त्याला जिकडेतिकडे दिसू लागते. बाकीच्या जगाला पिऊन भास होतात, याला न पिता होतात, ही उलटापालट अस्सल भारद्वाजी आहे. शुद्धीत असणे हाच ज्या माणसाचा खरा आजार, त्याच्या समोर उभी असलेली ही म्हैस सुरुवातीला तहान असते आणि सदसद्विवेकही असते. पुढेपुढे तिचे येणे सवयीचे होते, ती केवळ एक रंगीत गंमत उरते, आणि आपण तिच्याकडे पाहण्याऐवजी तिच्याकडे पाहणाऱ्या पंकज कपूर यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो. तो चेहरा आणि पहिला प्रसंग यांच्यासाठी हा चित्रपट एकदा पाहावा. ज्यांना ‘मकबूल’ मनापासून आवडला आहे, त्यांनी मध्यंतरानंतर उठून गेले तरी फार काही बिघडत नाही.