काठावरून गळ की धरणात बोट?

पवनेत गुडघाभर पाण्यात उतरून गळ टाकावा की पानशेतला बोट घ्यावी, असं एका मित्राने विचारलं.

हक्काचं बघायचं तर नदीचं पात्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार सरकारचं. काठचं शेत मात्र मालकाचं. बांधावरून जाण्याआधी विचारा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. धरणात जलसंपदा खात्याची परवानगी लागते, शिवाय मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो. बोटवाला ‘चालतंय हो’ म्हणेल, कागद मागा.

खर्चात काठच स्वस्त: गळ, गांडुळं, चहा. पण धरणातून विसर्ग सुरू झाला की पात्रात थांबू नका. आणि देहूला गळ काढूच नका, तिथले मासे देवाचे.

रविवारची हौस असेल तर काठ. मोठ्या माशामागेच लागायचं असेल, तर आधी संस्थेची पावती, मग बोट.