हाँगकाँग की सिंगापूर: सांगलीच्या निर्यातदाराने कंपनी कुठे काढावी?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या निर्यातीत उतरलेली तरुण मंडळी हल्ली हाच प्रश्न विचारतात. करांचे दर नि नोंदणीची फी तुमचा सीए सांगेलच. मी दोन्हीकडून बिलं केली आहेत, तेवढ्यापुरतं बोलतो.

हाँगकाँगचा डॉलर १९८३ पासून अमेरिकी डॉलरशी बांधलेला, ७.८० च्या आसपास. २०१९ च्या आंदोलनातही ती गाठ सुटली नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. स्थानिक, म्हणजे तिथेच राहणाऱ्या संचालकाची अट हाँगकाँगला नाही, सिंगापुरात आहे.

हाँगकाँगवरून माझं मन उडालं ते कागदांपायी. २०१९ च्या जूनपासून प्रत्यार्पण विधेयकाविरुद्ध (आरोपींना चीनच्या हवाली करू देणारं) प्रचंड मोर्चे निघत होते. ऑक्टोबरात तिथली मेट्रो एक दिवस पूर्ण बंद राहिली, नोव्हेंबरात सेंट्रलसारख्या बँकांच्या भागात भर दुपारी अश्रुधूर. आमचं मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल सोडवायला लागणारी जहाज कंपनीची पावती, तिथल्या एका बँकेत अडकलेलं, शाखा दुपारीच बंद, फोन कुणी उचलेना. माल बंदरात उतरलेला, भाडं चढतंय, खरेदीदार रोज ‘कागद कुठं आहेत?’ म्हणून मागे लागलेला, आणि इकडे अडत्याची पट्टी भागवायची. तो महिना मी विसरत नाही.

आता तिथले रस्ते शांत आहेत. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला, मार्च २०२४ मध्ये त्याला जोडून आणखी एक आला. पण शहराची पत उभी होती ती स्वतंत्र न्यायालयांवर, आणि २०२४ मध्येच लॉर्ड सम्प्शन व लॉर्ड कॉलिन्स या ब्रिटिश न्यायाधीशांनी तिथल्या अंतिम अपील न्यायालयाचा राजीनामा दिला. व्यापारी दावे अजून नीट चालत असतीलही. तरी १९९७ ला ब्रिटनकडून चीनकडे हस्तांतर होताना दिलेली, शहराची वेगळी व्यवस्था राखण्याची पन्नास वर्षांची हमी २०४७ ला संपते, आणि मुलाच्या हाती धंदा सोपवायचा असेल तर ते साल फार लांब नाही.

सिंगापुरातही मोर्चाला परवाना लागतो. मोकळीक म्हणून मी त्याचं नाव घेत नाही. मात्र कालचा नियम तिथे आज सहसा बदललेला नसतो. वाद झाला तर सिंगापूरच्या लवादाकडे, असं कलम आम्ही करारात घालतो आणि खरेदीदार खळखळ न करता सही करतो.

गिऱ्हाईक निव्वळ चीनच्या शेनझेन-ग्वांगझौकडचं असेल तर हाँगकाँगच बरं पडेल. आमचं तसं नाही. स्थानिक संचालकाची फी दरवर्षी खटकते खरी, पण बंदरातल्या त्या भाड्यापेक्षा ती परवडते.