आवाजावर चालणारी खोली: वापरून झाल्यावरचं मत

मानेच्या मणक्याला सी-५ पातळीवर, म्हणजे मानेतल्या पाचव्या मणक्यापाशी, इजा झाली तेव्हापासून माझे खांदे हलतात, कोपर वाकतो, बोटं हलत नाहीत. स्मार्ट स्पीकर, एसीसाठी आयआर ब्लास्टर (रिमोटसारखे संदेश पाठवणारी डबी) आणि स्विचबोर्डच्या आत बसणारा रिले (आज्ञेवर दिवा-पंखा चालू-बंद करणारा छोटा स्विच), हा संच मी हौसेखातर घेतलेला नाही. माझ्यासारख्यांना इजेच्या खाली नीट घाम येत नाही, अंग तापलं की तापतच जातं. पंखा वेळेवर लागणं ही औषधाइतकीच गरज आहे.

पूर्वी रात्री उकडायला लागलं की आईला हाक मारू की अजून थोडं सोसू, हेच डोक्यात चालायचं. दिवसभर मला उचलून बसवून दमलेल्या बाईला उठवायचं जिवावर यायचं. आता एसी मी स्वतः कमी-जास्त करते. अंधारात त्याचा 'टीं' ऐकू आला की आज्ञा पोचली. आई सलग झोपते. एवढ्यासाठीच मी या संचाला पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

पण आवाजावर सगळी भिस्त ठेवता येत नाही. छातीत कफ झाला की माझा आवाज चढत नाही आणि स्पीकरला ऐकू जात नाही. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९६०च्या दशकात 'पॉसम' यंत्र वापरात आलं. त्यात नळीत फुंकर मारून किंवा श्वास ओढून दिवा, बेल चालवता यायची. तेव्हा सुचलं ते आजच्या कंपन्यांना का सुचू नये, याचा मला खरंच राग येतो. मी आयफोनच्या स्विच कंट्रोलला, म्हणजे बाहेरच्या बटणाने फोन चालवायच्या सोयीला, एक मोठं बटण जोडलंय, ते मनगटाने दाबते.

इंटरनेट गेलं की बहुतेक स्पीकर गप्प होतात. त्यामुळे दिवे-पंख्यांसाठी मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठी २०२२मध्ये आलेलं मानक पाळणारे रिले घ्या, ते इंटरनेट नसलं तरी घरातल्या नेटवर्कवर फोनवरून चालतात.

स्मार्ट बल्ब नकोच. कुणी सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच जाते, मग कितीही बोला. रिलेला बटणही चालतं, आवाजही.

मदतीची बेल मात्र वेगळी, बॅटरीवरची ठेवा. ती यातल्या कशालाच जोडू नका.