चार बाय सहाचं बाथरूम: वॉटरप्रूफ कोटिंग, टाइल अ‍ॅडहेसिव्ह आणि इपॉक्सी ग्राउट, कशावर खर्च करावा?

छोटं बाथरूम स्वतः नव्याने करायला घेतलं की बहुतेकांचं बजेट टाइल, नळ आणि आरसा यांवर संपतं. टाइलच्या मागे जे लागतं ते उरलेल्या पैशात उरकलं जातं. आमचं मत उलट आहे. टाइल मध्यम प्रतीची चालेल, पण तिच्या मागचं सामान उत्तमच हवं. या आढाव्यात अशा तीन सामानांकडे पाहिलं आहे: पाणी अडवणारं दोन घटकांचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग, टाइल चिकटवायचं पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह आणि टाइलमधले सांधे भरायचं इपॉक्सी ग्राउट. पहिल्या दोघांना पर्याय नाही. तिसरं फक्त जमिनीवर वापरा, भिंतींवर त्याची गरज नाही.

हिशेबासाठी ४ बाय ६ फुटांची खोली धरू. जमीन २४ चौरस फूट. भिंतींचा घेर २० फूट, त्यामुळे ७ फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर दार वजा जाता साधारण १२२ चौरस फूट भिंत होते. टाइल घेताना यावर १५ टक्के जास्त धरा. एरवी १० टक्के पुरतात, पण लहान खोलीत जवळपास प्रत्येक रांगेत कापाकापी येते आणि उरलेला तुकडा दुसरीकडे क्वचितच बसतो.

सगळ्यात आधी कोटिंग. एका डब्यात दुधासारखं पांढरं द्रव, सोबतच्या पिशवीत सिमेंटची पावडर, असा हा जोडसंच मिळतो. वाळल्यावर त्याचा किंचित लवचीक थर होतो आणि कोब्याला केसाएवढी चीर गेली तरी तो फाटत नाही. गिलाव्यात किंवा कोब्यात मिसळायचं वॉटरप्रूफिंगचं द्रव हे वेगळं काम करतं. त्याने सिमेंटचा माल घट्ट होतो, पण माल तडकला की पाणी त्या तडीतून सरळ खाली जातं. बाथरूममध्ये फक्त त्या द्रवावर विसंबू नका.

किती लागेल? पूर्ण जमीन, सगळ्या भिंतींचा खालचा एक फूट, आणि शॉवरच्या कोपऱ्यातल्या दोन भिंती (प्रत्येकी ३ फूट रुंद) ६ फूट उंचीपर्यंत धरल्या तर सुमारे ७४ चौरस फूट, म्हणजे ७ चौरस मीटरच्या आत. दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, मिळून चौरस मीटरमागे दीड ते दोन किलो जातं, म्हणजे १० ते १४ किलो. १५ किलोचा संच पुरतो. एवढ्याच जागेत ५ किलोत काम भागलं तर थर पातळ झाला आहे हे नक्की समजा. वाळल्यावर जाडी एक ते दीड मिलिमीटर हवी.

मिसळताना द्रवात पावडर टाकायची, पावडरीत द्रव नाही. ड्रिलला ढवळणी लावून कमी वेगात फिरवा. वेग जास्त झाला की मालात हवा शिरते, आणि तेच बुडबुडे पुढे थरात सुईच्या टोकाएवढी भोकं होऊन राहतात. माल घट्ट वाटला तरी वरून पाणी घालू नका. पाण्याने तो सहज पसरतो खरा, पण वाळताना आकसतो आणि पॉलिमरची साखळी विरळ होते. अर्धा संच वापरायचा असेल तर दोन्ही घटक वजनाने मोजा, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.

पृष्ठभाग झाडून, धुऊन, तेलकटपणा आणि जुना रंग काढून घ्या. लावण्याआधी तो ओलसर करा, पण पाणी साचलेलं नको. कोरडा ठाक कोबा कोटिंगमधलं पाणी ओढून घेतो आणि थर पावडरीसारखा सुटतो. पहिला हात ब्रशने रगडून लावा. तो ओला असतानाच जमीन-भिंतीच्या कोपऱ्यांत आणि पाइपांच्या भोवती जाळीची पट्टी बसवा. दुसरा हात पहिल्याला आडवा, चार ते सहा तासांनी. दोन हातांऐवजी एकच जाड थर देण्याचा मोह टाळा, कारण जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि तडकतो.

कोटिंग फेल होतं ते जवळपास नेहमी तीन जागी. पहिली न्हाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचं तोंड: थर ट्रॅपच्या कडेशी थांबतो, खरं तर तो तोंडाच्या आत उतरायला हवा. दुसरी जागा भिंतीतून बाहेर येणारे पाइप. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, दाराचा उंबरठा. बाथरूममधलं पाणी टाइलखालच्या मालातून हळूहळू सरकत उंबरठ्याखालून बाहेरच्या खोलीत जातं, आणि लोक महिनोन्‌महिने पाइप गळतोय असं समजतात. उंबरठ्याशी कोटिंग वर वळवून घ्या.

उताराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे चांगलं कोटिंगही वाया जातं. उतार कोब्यातच काढायचा आणि कोटिंग त्या उतारावर लावायचं. कोटिंग सपाट ठेवून वरच्या मालात उतार काढला तर वरून सगळं ठीक दिसतं, पण सांध्यांतून झिरपलेलं थोडं पाणी कोटिंगवरच साचून राहतं. त्याला ट्रॅपपर्यंत जायला वाट नाही. पुढे कुबट वास येतो, सांध्यांवर पांढरा खार उमटतो आणि टाइलखाली ओल कायमची होते. उतार ८० ला १ ठेवा, म्हणजे एका मीटरला साडेबारा मिलिमीटर. सहा फुटांच्या लांबीत साधारण २३ मिलिमीटर. १०० ला १ पेक्षा कमी गेलात तर टाइलच्या किरकोळ उंच-सखलपणातही पाणी अडतं.

कोटिंग पूर्ण कडक झालं की, कंपनीने सांगितलेले दिवस थांबून, ट्रॅपला बूच लावा आणि इंचभर पाणी भरून किमान २४ तास ठेवा, जमलं तर ४८. भिंतीवर पातळीची पेन्सिलची खूण करा आणि त्याच खोलीत एक भांडं पाण्याने भरून ठेवा, त्यावरही खूण करा. दोन्हीकडे सारखंच पाणी उतरलं तर ते वाफ होऊन गेलं. जमिनीवरचं जास्त उतरलं तर कुठेतरी गळती आहे. खालच्या मजल्याचं छतही पाहा. या चाचणीआधी एकही टाइल लावू नये, याला आम्ही अपवाद मानत नाही.

आता अ‍ॅडहेसिव्ह. गवंडी सिमेंटच्या घोळाने टाइल लावत आले आहेत आणि सच्छिद्र जुन्या टाइलना ते चाललंही. व्हिट्रिफाइड म्हणजे पोर्सिलेन टाइल मात्र ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटला धरायला तिच्यात छिद्रंच नाहीत. अशा टाइलला पॉलिमरयुक्त अ‍ॅडहेसिव्ह लागतंच.

पिशवीवर जाहिरातीपेक्षा वर्ग वाचा. आंतरराष्ट्रीय मानकात सी१ म्हणजे सामान्य, चौरस मिलिमीटरला किमान ०.५ न्यूटन पकड. सी२ म्हणजे १.० न्यूटन. पुढचा टी म्हणजे उभ्या भिंतीवर टाइल अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घसरत नाही. ई म्हणजे पसरल्यावर टाइल बसवायला २० ऐवजी ३० मिनिटं मिळतात. एस१ म्हणजे वाळल्यावरही लवचीक. घरी पहिल्यांदा काम करणाऱ्याने सी२टीई घ्यावं. जुन्या टाइलवर नवी लावायची असेल तर सी२टीई एस१. एफ लिहिलेलं, पटकन सेट होणारं, घेऊ नका. हात बसलेला नसताना ते घमेल्यातच दगड होतं.

जमीन आणि भिंत मिळून साडेतेरा चौरस मीटरच्या आसपास. मोठ्या टाइलला ८ मिलिमीटर खाचांच्या थापीने चौरस मीटरमागे चार ते पाच किलो जातात, लहानांना ६ मिलिमीटरची थापी आणि तीन किलो. एकूण ५५ ते ६५ किलो होतात. २० किलोच्या तीन पिशव्या घ्या, चौथी जवळ ठेवा. पाणी पिशवीवर लिहिलं आहे तेवढंच, मापाने. कालवून पाच मिनिटं ठेवायचं, पुन्हा ढवळायचं, मग वापरायचं. घट्ट व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून तो परत मऊ करणं म्हणजे त्याची पकड घालवणं.

थापीच्या रेघा एकाच दिशेने सरळ ओढा आणि टाइल त्या रेघांना आडवी दाबत थोडी पुढे-मागे सरकवा, म्हणजे रेघा मोडतात आणि हवा निघते. ओल्या जागी टाइलचा ९५ टक्के मागचा भाग मालाने भरलेला हवा. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्या. अधूनमधून एखादी टाइल उचलून पाहा. रेघा जशाच्या तशा दिसल्या तर पुरेसं दाबलं गेलेलं नाही, आणि माल टाइलला लागलाच नसेल तर मालावर साय धरली आहे, तो खरवडून नवा पसरा. पाच गोळे लावून टाइल चिकटवायची पद्धत तर बाथरूममध्ये नकोच. गोळ्यांमधल्या पोकळीत पाणी साचतं आणि भांडं पडलं की नेमका पोकळ कोपरा फुटतो.

भिंत ओळंब्यात नसेल तर अ‍ॅडहेसिव्हचे जाड थर देऊन सरळ करू नका, आधी गिलावा दुरुस्त करा. भिंतीची सुरुवात दुसऱ्या रांगेपासून, खाली सरळ पट्टी ठोकून करावी. जिथे कोटिंग केलं आहे तिथे मात्र पट्टी खिळ्यांनी ठोकू नये, खालून टेकू देऊन उभी करावी. जमीन झाल्यावर सर्वांत खालची रांग उताराप्रमाणे कापून बसते आणि कापलेली कड जमिनीच्या टाइलवर नीट टेकते.

जमिनीला मोठी टाइल घेण्याची फॅशन लहान बाथरूममध्ये अडचणीची ठरते. ट्रॅप मध्ये किंवा कोपऱ्यात असेल तर उतार दोन-तीन दिशांनी येतो आणि मोठी टाइल तिरकी कापल्याशिवाय तो घेत नाही. ४ इंची टाइल उताराप्रमाणे सहज बसते, शिवाय सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते.

हेच सांधे भरण्यासाठी इपॉक्सी ग्राउट. ते पाणी पीत नाही, डाग धरत नाही, साबण आणि सौम्य आम्लाने झिजत नाही. किती लागेल याचं सूत्र सोपं आहे: टाइलची लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी, गुणिले टाइलची जाडी, गुणिले सांध्याची रुंदी, गुणिले १.६. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर चौरस मीटरमागे किलोत येतं. १०० बाय १०० ची, ८ जाडीची टाइल आणि ३ चा सांधा असेल तर ०.७७ किलो. २.२ चौरस मीटर जमिनीला १.७ किलो, सांडलवंड धरून २ किलो.

रेझिन आणि ते कडक करणारं हार्डनर आधी एकजीव करा, मग पावडर. एका वेळी किलोभरच कालवा आणि भांड्यात न ठेवता लगेच पसरट ताटात काढा. ही रासायनिक क्रिया उष्णता सोडते. ढीग करून ठेवलेला माल स्वतःच्याच उष्णतेने लवकर कडक होतो. गरम दिवसात हाताशी असलेली वेळ झपाट्याने कमी होते, म्हणून हे काम सकाळी करा. रबरी थापीने सांध्याला तिरकं ओढा. मग थोड्याच पाण्याने, घासणीने गोल फिरवत साफ करा आणि स्पंजने पुसा. पाणी जास्त झालं तर सांधा फिकट आणि खोलगट होतो. पुसायला उशीर झाला तर टाइलवर चिकट धूसर पापुद्रा राहतो, तो नंतर काढणं फार कष्टाचं. खडबडीत, न घसरणाऱ्या टाइलवर तर तो खाचांत बसतो, त्यामुळे आधी एका जादा टाइलवर करून पाहा. हातमोजे घालाच. हार्डनरची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती परत परत होते.

इपॉक्सीबद्दल एक गैरसमज विक्रेतेच पसरवतात: इपॉक्सी भरलं की गळती थांबते. थांबत नाही. खालचं कोटिंग फाटलेलं असेल तर पाणी पाइपांच्या कडेने आणि कोपऱ्यांतून जातंच, उलट ओल्या मालावर इपॉक्सी भरलं तर आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही. टाइल लावल्यावर किमान २४ तास थांबा, सांधे टाइलच्या जाडीच्या दोन तृतीयांश खोलीपर्यंत मोकळे आणि कोरडे करा. भिंतींसाठी मात्र कमी पाणी पिणारं सीजी२ वर्गाचं सिमेंट ग्राउट पुरतं. १ बाय २ फुटी टाइलला २ मिलिमीटर सांध्याने दीड किलोच्या आसपास जाईल. उभ्या सांध्यात इपॉक्सी भरण्याची मेहनत आणि पैसा दोन्ही अनाठायी. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर पांढरं इपॉक्सी पिवळंही पडतं.

भिंत-भिंत आणि भिंत-जमीन या कोपऱ्यांत कुठलंच ग्राउट भरू नका. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि कडक ग्राउट तिथे फुटतं. तिथे बुरशीरोधक, न्यूट्रल प्रकारचं सॅनिटरी सिलिकॉन घाला. व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार संगमरवर आणि काही धातूंना खातो. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच पिकतं, तोवर शॉवर बंद.

जुन्या टाइल न फोडता त्यांवरच नव्या लावण्याचा पर्याय मोहात पाडतो. धूळ नाही, राडारोडा नाही. जुन्या टाइल नाण्याने वाजवून पाहा. इकडे-तिकडे एखादीच बद्द वाजली तर तेवढीच काढून भरा, बाकीच्या घासून तेलकटपणा काढा आणि एस१ वर्गाचं अ‍ॅडहेसिव्ह वापरा. जाडी १२ ते १५ मिलिमीटर वाढेल. त्यामुळे दार घासेल, ट्रॅपची जाळी खाली राहील, भिंतीतल्या नळांना एक्स्टेन्शन निपल (लांबी वाढवणारे जोडतुकडे) लागतील, आणि कमोडचं भिंतीपासूनचं अंतर नव्या टाइलच्या पृष्ठभागापासून पुन्हा मोजावं लागेल. पण खालच्या छताला आधीच ओल दिसत असेल तर हा मार्ग बंद आहे. फाटलेलं वॉटरप्रूफिंग दोन टाइलांच्या खाली गाडलं जातं, आणि पुढच्या वेळी दोन्ही थर फोडावे लागतात.