बनावट 45: डेट्रॉइट सोल जमवणाऱ्यांनी हे वाचावं

डेट्रॉइटच्या एका छोट्या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड कंपनीची, 1967 सालची अस्सल सिंगल म्हणून मला 1,850 डॉलरला विकलेली रेकॉर्ड अलीकडे छापलेली नक्कल निघाली. आमच्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या आणखी दोघांकडेही तशाच प्रती निघाल्या, म्हणजे बाहेर अजून असणार. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये राहणारे काही मराठी लोक जुनं सोल आणि फंक, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, आवडीने जमवतात, भारतातूनही काही जण मागवतात. त्यांच्यापर्यंत हे पोचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. गाण्याचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच्या अस्सल प्रती प्रामाणिकपणे विकणारे लोक आहेत, त्यांच्या मालावर उगाच संशय यायला नको.

या छंदाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं. 45 म्हणजे सात इंची, मिनिटाला 45 फेरे घेणारी, मध्ये मोठं भोक असलेली छोटी रेकॉर्ड. प्रत्येक बाजूला एक गाणं. हिलाच सिंगलही म्हणतात. ती 1949 मध्ये बाजारात आली आणि साठच्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीताचं मुख्य वाहन झाली. डेट्रॉइटमध्ये मोटाउन ही मोठी रेकॉर्ड कंपनी होतीच, पण तिच्या आसपास कितीतरी बारकी लेबलं निघाली. कुणी पैसे जमवून स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, थोड्या प्रती काढायचा, रेडिओवर वाजल्या तर वाजल्या. नाही वाजल्या तर पेट्या तळघरात पडून राहायच्या. त्या गाण्यांत इतका जीव ओतलेला असतो की इतकी सुंदर गोष्ट कुणाच्या कानावर न पडता विरून जाऊ शकली, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

या गाण्यांना दुसरा जन्म दिला तो उत्तर इंग्लंडमधल्या कामगार तरुणांनी. विगन कसिनो या तिथल्या नाचाच्या क्लबमध्ये 1973 ते 1981 या काळात रात्रभर याच विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन सिंगल्सवर नाच चालायचा. तिथले डीजे आपली दुर्मिळ रेकॉर्ड ओळखू येऊ नये म्हणून रेकॉर्डच्या मधल्या छापील लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहीत. आणि नाव फुटलं की नक्कल निघायची, तीही त्या काळापासून. फ्रँक विल्सनची 1965 ची सिंगल मोटाउनने बाजारात आणण्याआधीच मागे घेतली, जवळपास सगळ्या प्रती नष्ट केल्या. सत्तरच्या दशकात तीच एडी फॉस्टर या खोट्या नावाने चोरून छापली गेली. मूळ प्रत 2009 मध्ये 25,742 पौंडांना विकली गेली, 2020 मध्ये एक लाख पौंडांना. एवढा पैसा जिथे आहे तिथे ठक येणारच.

आमचं मंडळ मात्र पैशासाठी नाही. ज्याच्याकडे जी रेकॉर्ड आहे ती तो नीट धुऊन, वाजवून, तिची डिजिटल प्रत करून सगळ्यांना देतो, सोबत दोन्ही लेबलांचे स्कॅन. मिशिगनला आल्यावर मी यात शिरले आणि माझं खरं शिक्षण इथेच झालं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ सभासद हे मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या रेकॉर्ड नव्या असताना दुकानातून घेतल्या होत्या. घरगुती पार्ट्यांना सगळे आपापल्या रेकॉर्ड घेऊन जात, त्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून लेबलवर पेनाने आद्याक्षरं घालत, आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. त्यांच्या पत्नीची निळ्या शाईतली आद्याक्षरं त्यांच्या संग्रहातल्या बहुतेक रेकॉर्डवर आहेत. त्यांच्या पत्नी आता हयात नाहीत.

मला फसवणारा माणूस याच मंडळात आला. नम्र, जाणकार, बोलणं मोजकं. आल्याआल्या त्याने स्वतःच्या रेकॉर्डच्या चांगल्या डिजिटल प्रती सगळ्यांना दिल्या. मग माझ्याकडून दोन-तीन स्वस्तातल्या सिंगल्स विकत घेतल्या, पैसे लगेच दिले. मला दोन विकल्या, त्या सांगितल्यापेक्षा सरस अवस्थेत निघाल्या. एकदा तर न मागता एक मेम्फिसची सिंगल भेट म्हणून पाठवली. मी चौकशीही केली होती. त्याच्याशी व्यवहार केलेल्या दोघांना विचारलं, दोघांनी भरभरून चांगलं सांगितलं. पुढे कळलं की त्या दोघांचेही व्यवहार माझ्यासारखेच, वीस-तीस डॉलरचे होते.

मग एके दिवशी त्याचा निरोप आला. काका वारले, त्यांचा ज्यूकबॉक्स पुरवण्याचा धंदा होता, सामानात ही सिंगल सापडली. इंग्लंडचा एक विक्रेता मागतो आहे, पण ही डेट्रॉइटची वस्तू मिशिगनमध्येच राहावी असं वाटतं. ऑनलाइन बाजारात टाकली तर दलाली जाते आणि बाकीच्या भावंडांना कळलं तर घरात वाद होतील, तेव्हा पैसे फोनवरून थेट पाठवा. त्याने लेबलचे फोटो पाठवले, डेड वॅक्सचाही फोटो पाठवला आणि सुरुवातीच्या वीसेक सेकंदांचा आवाज पाठवला. डेड वॅक्स म्हणजे गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी असते ती. तिथे क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा असतात. या रेकॉर्डवर एआरपी ही खूण हवी, कारण ती मिशिगनमधल्याच ओवॉसो गावच्या अमेरिकन रेकॉर्ड प्रेसिंगमध्ये निघाली. तो कारखाना 1972 मध्ये आगीत गेला. फोटोत ती खूण स्वच्छ दिसत होती. मी पैसे पाठवले.

पार्सल आलं तेही व्यवस्थित बांधलेलं. आवाज ठीक होता, पण काहीतरी दबल्यासारखा. रेकॉर्डवर चरा दिसत नव्हता आणि दुसऱ्या कडव्यात मात्र ठक, ठक, ठक असा आवाज येत होता. पुन्हा धुतली, सुई पुसली, तरी तिथेच.

शेजाऱ्यांचे वडील तेव्हा पुण्याहून मुलाकडे आले होते. जन्मभर छापखाना चालवलेला माणूस. चहाला आले तेव्हा मी सहज रेकॉर्ड दाखवली आणि म्हटलं, "काका, हा कागद जुना वाटतो का हो?"

त्यांनी खिशातलं भिंग काढलं. काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, कागदाचं राहू दे. अक्षराच्या कडा बघ. त्या काळात असलं लेबल एका-दोन रंगांत, सलग शाईत छापत असतील ना? इथे काळ्या अक्षराच्या भोवती लाल-निळे ठिपके आहेत. हे स्कॅनवरून फोर-कलरमध्ये, म्हणजे चार रंगांच्या ठिपक्यांत, काढलेलं आहे."

मग बोट एका जागेवर ठेवून म्हणाले, "आणि ही निळी रेघ? कुणी पेनाने ओढली असती तर शाई कागदात मुरली असती. ही तर ठिपक्यांची आहे. पेनाची रेघ छापखान्यात कशी आली?"

प्रकाशक कंपनीच्या नावाच्या शेवटच्या अक्षरातून खाली उतरणारी ती बारीक निळी शेपटी मला तोवर शाईचा डाग वाटली होती. मी मंडळाचे जुने स्कॅन उघडले. आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रतीवर, त्याच जागी, त्यांच्या पत्नीच्या आद्याक्षरातल्या शेवटच्या अक्षराचं खालचं वळण होतं. छापणाऱ्याने संगणकावर आद्याक्षरं पुसली होती, पण छापील अक्षरावरून गेलेला तेवढा तुकडा त्याला पुसता आला नव्हता.

मग आवाज तपासला. त्यांच्या मूळ प्रतीवर दुसऱ्या कडव्यात एक आडवा चरा आहे. मिनिटाला 45 फेरे म्हणजे एका फेऱ्याला सव्वा सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ, म्हणून चऱ्याचा ठोका दर 1.33 सेकंदाला येतो. माझ्या रेकॉर्डवर चरा नाही, पण ठोके तेच, त्याच शब्दांवर. दोन्ही ध्वनिमुद्रणं संगणकावर एकाखाली एक लावली तर ठोके तंतोतंत जुळतात. वारंवारितेचा आलेख काढला तेव्हा दबलेल्या आवाजाचं कारणही कळलं. 16 किलोहर्ट्झच्या वर संगीत आणि जुनी कडकड दोन्ही कापल्यासारखी थांबतात, उरते ती फक्त सुईची मंद खरखर. मंडळात आम्ही दिलेली फाइल हलक्या दर्जाची एमपी3 होती, आणि कमी बिटरेटच्या एमपी3मध्ये वरचे स्वर असेच छाटले जातात. आम्ही प्रेमाने वाटलेला आवाज आणि स्कॅन घेऊन त्याने रेकॉर्ड बनवली आणि आम्हालाच विकली. डेड वॅक्सचा फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी अस्सल प्रतीचा होता. माझ्या रेकॉर्डवरची एआरपी ही खूण हाताने कोरलेली, अक्षरं वाकडी. ज्येष्ठांच्या प्रतीवर ती ठशाने उमटलेली आहे.

मंडळात विचारलं तेव्हा आणखी दोघे पुढे आले. तिघांच्या रेकॉर्डवर निळी शेपटी त्याच जागी, तेवढीच. ज्येष्ठ सभासदांना हे सांगणं सर्वांत कठीण गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की तिचं अक्षर आणखी किती जणांकडे गेलं असेल.

त्या माणसाला कळवलं तर आधी म्हणाला, तुम्हीच रेकॉर्ड बदलली असेल. पुरावे पाठवल्यावर म्हणाला, काकांच्या सामानात होती, मला काय माहीत. मग निम्मे पैसे परत देतो, पण मंडळात काही लिहू नका. मी नकार दिला. त्यानंतर त्याचा नंबर बंद झाला. बँकेने सांगितलं की पैसे मी स्वतःहून, व्यक्तीला म्हणून पाठवलेले असल्याने परत आणता येणार नाहीत. दलाली वाचवण्याची आणि भावंडांच्या वादाची गोष्ट त्याने रचली ती यासाठीच. बाजारामार्फत वस्तूचा व्यवहार म्हणून पैसे दिले असते तर तक्रारीला जागा होती.

आम्ही तिघांनी एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडे ऑनलाइन तक्रार दिली. पार्सलं टपालाने आली होती म्हणून टपाल खात्याच्या तपास शाखेकडे, पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडेही दिली. तिघांनी स्वतंत्र तक्रारी करून एकमेकांचे संदर्भ दिले, कारण एकटी तक्रार किरकोळ वाटते आणि तीन मिळून पद्धत दिसते. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. भारतात असा प्रकार घडला तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

आता मी विकत घेण्याआधी काय मागते ते सांगते. ज्याने विकायला काढली त्याच्याकडून डेड वॅक्सचा तिरप्या प्रकाशातला फोटो, आणि त्याच चौकटीत मी सांगितलेला शब्द लिहिलेली चिठ्ठी. संपूर्ण गाण्याचा व्हिडिओ, ज्यात सुई आणि लेबल दोन्ही सतत दिसतात. आवाजाच्या नुसत्या तुकड्याला आता माझ्या लेखी काही किंमत नाही. कारखान्याच्या खुणा आधीच माहीत करून घ्या. ओवॉसोची एआरपी, लॉस एंजेलिसच्या मोनार्कचा छोटा त्रिकोण आणि त्यापुढचा आकडा, दक्षिणेकडच्या कितीतरी रेकॉर्डवरचा नॅशव्हिल मॅट्रिक्सचा ठसा. मोनार्कच्या सिंगल्स बऱ्याचदा स्टायरिन या प्लास्टिकच्या असतात आणि त्यांवर लेबल चिकटवलेलं असतं. व्हिनाइल या दुसऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्डमध्ये ते दाबातच बसतं. एखादी सिंगल ज्या कारखान्याची असायला हवी त्याच्याशी हे जुळलं नाही तर प्रश्न विचारा. वजनावरून मात्र निकाल देऊ नका, त्या काळीही कारखान्यागणिक जाडी बदलायची. रेकॉर्ड हातात आल्यावर पहिल्या दिवशीच दहा पट मोठं दाखवणारं भिंग लेबलवर फिरवा. चांगलं भिंग एका साध्या सिंगलच्या किमतीत मिळतं.

मंडळात आम्ही वाटणं थांबवलेलं नाही, ते थांबवावं असं मला कधी वाटलंही नाही. लेबलचा स्कॅन आता कमी रिझोल्यूशनचा देतो, वर आडवी खूण घालून. डेड वॅक्सचे फोटो उघड ठेवत नाही, कुणाला पडताळणी हवी असेल तर आम्ही स्वतः तुलना करून सांगतो.

या नकलेची ओळख अशी: उजव्या बाजूला, प्रकाशकाच्या नावाच्या शेवटच्या अक्षरातून खाली उतरणारी निळी रेघ, भिंगाखाली ठिपक्यांची. दुसऱ्या कडव्यात तीन ठोके. हाताने कोरलेली एआरपी. तुमच्याकडे अशी प्रत असेल तर ती पुढे विकू नका, अस्सल म्हणून नाही आणि नक्कल म्हणूनही नाही, कारण पुढचा माणूस काय सांगून विकेल ते आपल्या हातात नसतं. लेबलच्या दोन्ही बाजूंना न पुसणाऱ्या शाईने 'नक्कल' असं इंग्रजीत ठळक लिहा आणि जवळच ठेवा. माझ्या प्रतीवर मी तसं लिहिलं आहे, आणि तक्रारीसोबत तिचे आधीचे आणि नंतरचे असे दोन्ही फोटो जोडले आहेत.